आजीचा जंपर, लाल किल्ट आणि मधली चार बोटं

पत्र असं आलंय, थोडं कापून देतेय (किल्ट म्हणजे स्कॉटलंडच्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा, मागे निऱ्यांचा चौकड्याचा घागरा, रॉयल स्टुअर्ट हा त्यातलाच एक चौकडा, आणि फेअर आइल म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेच्या शेटलंड बेटांकडची रंगीत विणलेली नक्षी):

"ताई, मी मूळचा साताऱ्याचा, आता तीन वर्षं झाली एडिनबरात लीथला राहतो. होणारी बायको इथलीच आहे पण तिचं आजोळ शेटलंडचं, आणि तिच्या आजीने मला हाताने विणलेला फेअर आइल जंपर दिलाय, तपकिरी, क्रीम, करडा आणि मधे मधे निळ्याची एक ओळ, अंगभर नक्षी. ३० नोव्हेंबरला सेंट अँड्र्यूज डेचं दुपारचं जेवण त्यांच्याकडे आहे, आजी पण येणारे. घरातले सगळे पुरुष त्या दिवशी किल्ट घालतात, पण कोट-टाय वगैरे नाही, एकदम कॅज्युअल. मी स्टॉकब्रिजच्या एका चॅरिटी शॉपमधून लाल रॉयल स्टुअर्टचा किल्ट घेतला, त्यावर आजीचा जंपर घातला आणि फोटो होणाऱ्या मेव्हण्याला पाठवला, तर तो म्हणाला सोफ्यासारखा दिसतोयस. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर आई म्हणाली लग्नातला बँडवाला. नक्षीवर चौकडा चालतच नाही का? गपचूप काळा प्लेन स्वेटर घालू का? पण मग आजीला काय वाटेल. उंची ५ फूट ६. फोटो जोडलाय. — नक्षीत अडकलेला"

अरे बाबा, मेव्हणाही बरोबर आहे आणि आईही बरोबर आहे, आणि तरीही काळा स्वेटर घालायचा नाहीये. ती बाई कित्येक संध्याकाळी त्या दोऱ्यांशी खेळत बसली असेल आणि तू तिच्यासमोर दुकानातला काळा स्वेटर घालून बसणार? नाही. जंपर तोच, किल्ट तोच, बाकीचं मी सांगते तसं कर.

तुझा फोटो मी मोठा करून बघितला. मला सगळ्यात आधी नक्षी खटकलीच नाही, मला तुझी कंबर सापडेना. जंपर पार कुल्ल्यांपर्यंत आलाय, स्पोरन, म्हणजे किल्टवर पुढे लटकणारी ती पिशवी, अर्धा आत गेलाय, आणि जंपरची खालची रिब, ती ताणणारी पट्टी, निऱ्यांना घट्ट आवळून बसलीये, त्यामुळे तिच्याखाली किल्ट एकदम छत्रीसारखा फुलतोय. लोणच्याच्या बरणीला फडकं बांधतो ना आपण, तसं दिसतंय ते. त्यात तू ५ फूट ६, म्हणजे पाय आणखीनच आखूड वाटतात. मेव्हण्याला सोफा दिसला तो या ठोकळ्यामुळे, नक्षी बिचारी फुकट बदनाम झाली. तुझा प्रॉब्लेम लांबीचा आहे.

हे मी हवेत बोलत नाहीये. ग्लासगोत आले तेव्हा मी किल्ट भाड्याने देणाऱ्या एका दुकानात मागच्या खोलीत बसून सात वर्षं आल्टरेशन केलंय, बकल सरकवणं, उसवलेली निरी परत घालणं, बिअर सांडलेले डाग काढणं, सगळं. आणि तरीसुद्धा आमच्या ह्यांना पहिल्यांदा किल्टमध्ये जेवायला नेलं तेव्हा मीच त्यांना मांडीपर्यंतचं लांब कार्डिगन घालून नेलं, कारण बाहेर थंडी होती आणि माझं डोकं चाललं नाही. तो फोटो अजून आमच्या नणंदेच्या फोनमध्ये आहे आणि दर दिवाळीला ग्रुपवर येतो.

तर मुद्दा असा की पॅन्ट कमरेच्या हाडावर बसते आणि किल्ट बेंबीच्या वर बसतो. नीट घातलेला किल्ट बरगडीच्या खालच्या टोकाच्या थोडाच खाली सुरू होतो. पूर्ण मापाच्या किल्टला आठ वार कापड लागतं, आपल्या नऊवारीपेक्षा फक्त एक वार कमी, आणि ते सगळं मागच्या निऱ्यांमध्ये जातं, पुढे नुसतेच दोन सपाट पदर एकावर एक. त्या निऱ्या वरून कुल्ल्यांपर्यंत शिवून बसवलेल्या असतात, आणि किल्ट शिवणारा माणूस त्याच्या आयुष्यातली सगळी अक्कल त्या शिवलेल्या पट्ट्यात घालतो, कारण कंबर लहान आणि बसायची जागा मोठी हा फरक तो तिथेच प्रत्येक निरी थोडी थोडी निमुळती करून जिरवतो. तू जंपरने नेमका तोच भाग झाकलास. किल्टबरोबरचे जुने जाकीट बघ, सगळे आखूड कापलेले असतात, ते याचसाठी. बाजारातला आणि हाताने विणलेला कुठलाही जंपर मात्र पॅन्टच्या हिशोबाने केलेला असतो. मला तर वाटतं तुझ्या बायकोने तुझा एखादा हूडी गुपचूप आजीला मापाला नेऊन दिला असणार.

मग किती लांबी हवी? आरशासमोर उभा राहा. किल्टची वरची कड जंपरखाली दोन-तीन बोटं झाकली गेली पाहिजे, हात वर केलास की शर्ट दिसू नये एवढंच. आणि जंपरच्या खालच्या कडेपासून स्पोरनच्या वरच्या कडेपर्यंत निदान चार बोटं किल्टचं कापड उघडं दिसलं पाहिजे. ही चार बोटं म्हणजे तुझी कंबर. आत्ता टेस्ट म्हणून जंपरची रिब आतल्या बाजूला दुमड, सेफ्टी पिना लाव, आणि फोटो काढ, आणि मग मला सांग सोफा कुठे गेला. (पिना दोऱ्यातून आरपार टोचू नकोस हां, दोन टाक्यांच्या मधल्या फटीतून घाल.)

आता नक्षी. आपल्या बायका इरकलीवर खणाचा ब्लाऊज घालून लग्नात मिरवतात, साडीला बारीक चौकडा, काठाला वेगळंच काहीतरी, पदराला अजून तिसरं, आणि कोणालाही सोफा आठवत नाही. का आठवत नाही? कारण खणाची बुट्टी नखाएवढी असते, साडीचा चौकडा त्याहून वेगळ्या मापाचा, आणि काठाची सलग पट्टी मधे येऊन दोघांना लांब ठेवते. नक्षीवर नक्षी चालते, फक्त दोन्ही एकाच मापाच्या असल्या की भांडतात. तुझ्या बाबतीत माप आधीच जमलंय. किल्टच्या कापडात टार्टनचा, म्हणजे या चौकड्याच्या नक्षीचा, एक पूर्ण चौकडा, इथले लोक त्याला सेट म्हणतात, तो साधारण पाच-सहा इंचांचा असतो, म्हणजे तळहाताएवढा. फेअर आइलमधला मोठ्यात मोठा पट्टा, तो फुली-गोळा फुली-गोळा असतो ना, तो जेमतेम दोन इंचांचा, आणि त्यांच्यामधल्या छोट्या ओळी तर तीन-चार टाक्यांच्या. त्या छोट्या नक्षीला शेटलंडमध्ये पीरी म्हणतात, पीरी म्हणजे छोटं, चिमुकलं, आजीच्या तोंडून हा शब्द तू शंभरदा ऐकला असशील. तेव्हा मोठ्या चौकड्यावर पीरी नक्षी, इथपर्यंत काहीच वाद नाही.

रंगाचं थोडं लक्ष देऊन बघूया, कारण लाल रॉयल स्टुअर्ट हे काही साधं गिऱ्हाईक नाही. लाल जमीन आणि त्यावर हिरवा, निळा, काळा, पिवळा, पांढरा, सगळ्यांनाच बोलायचंय. दहा पावलांवरून बघितलं तरी तो लालच दिसतो, ओरडतोच. म्हणजे ढोलकी त्याच्याकडे गेली, आता जंपरने तुणतुणं धरायचं, दोघांनीही ढोलकी बडवायची नाही. आणि तुझं नशीब की आजीने रंगवलेली लोकर फार वापरलेलीच नाहीये, फोटोवरून तरी ते सगळे मेंढीचेच रंग वाटतायत, तो तांबूस तपकिरी मूरिट, गडद करडा शेला (आपल्या खांद्यावरच्या शेल्याशी काही नातं नाही, नुसताच योगायोग), क्रीम आणि फॉन, म्हणजे फिकट बदामी. हे रंग एकमेकांच्या इतके जवळ असतात की लांबून सगळा जंपर एकच खडबडीत तपकिरी दिसतो आणि जवळ आल्यावरच नक्षी उलगडते. लाल किल्टवर मला याहून चांगला फेअर आइल सुचत नाही. तोच जंपर नव्या बाजारू छापाचा असता, पिवळा-जांभळा-हिरवा, तर मी तुला किल्ट बदल म्हणाले असते.

आणि ती निळी ओळ! किल्टमध्ये बघ, निळी पट्टी आहे. आजीला तुझ्या किल्टचा पत्ता नव्हता तरी तो एक रंग दोन्हीकडे आलाय. एवढंच पुरतं, दोन कपड्यांत एक छोटा रंग सामाईक असला की डोळा त्यांना एकत्र धरतो. मुद्दाम लाल शोधत बसायचं नसतं, मुख्य रंगाला मुख्य रंग जुळवायला गेलं की शाळेचा युनिफॉर्म होतो, त्यापेक्षा किल्टमधला सगळ्यात गरीब, बारीक रेघेतला रंग वर घ्यायचा.

खात्री करायची असेल तर फोटो काढून फोनमध्येच ब्लॅक अँड व्हाइट कर. रंग गेले की फक्त उजेड-अंधार उरतो. जंपर एक सपाट मधला करडा दिसला आणि किल्टचे चौकोन वेगळे उठून दिसले तर झालं काम. दोन्हीकडे सारख्याच आकाराचे काळे-पांढरे ठिपके नाचायला लागले तर समजायचं की भांडण आहे. मी दुकानात गिऱ्हाइकांना डोळे किलकिले करून बघा असं सांगायचे, तेच हे, फक्त फोनवर.

फेअर आइलचा आणखी एक गुण आहे जो मला फार आवडतो. पूर्ण जंपरमध्ये रंग कितीही असोत, एका ओळीत फक्त दोन. तिसरा नाही म्हणजे नाही. त्या क्षणी न लागणारा दोरा मागून धावत जातो, जंपर उलटा करून बघ, आत सगळे आडवे धागे दिसतील, त्यामुळेच तो पातळ लोकरीचा असून दुप्पट ऊब देतो. म्हणजे दिसतो गजबजलेला पण आतून फार शिस्तीचा. आणि पातळ आहे हे तुझ्यासाठी बरं, कारण किल्टच्या वर जाड जंपर आला की परत तेच बरणी-फडकं.

आता आईचा बँडवाला. आईला तो दिसला तुझ्या गुडघ्याखाली! पांढरेशुभ्र मोजे घातलेस तू, आणि वर फरचा, साखळ्या-गोंडे लटकणारा स्पोरन. ते पाइप बँडचं आणि भाड्याच्या लग्नाचं सामान आहे, आणि आपल्याकडच्या मिरवणुकीत बॅगपाइप वाजवणारे पण तसंच काहीतरी घालून येतात त्यामुळे आईची काही चूक नाही. मोजे गडद घे, प्लेन, जंपरमधला तो तांबूस तपकिरी मिळाला तर सोन्याहून पिवळं, नाहीतर नेव्ही. गुडघ्याच्या खाली दोन-तीन बोटांवर वरची घडी आली पाहिजे. फ्लॅश, म्हणजे घडीखालून लोंबणारी ती दोन टोकं, तीही प्लेन आणि गडद. आणि कृपा करून बर्फीच्या चौकोनांचे अर्गाइल मोजे घालू नकोस, दुकानदार दाखवेल, म्हणेल पारंपरिक आहे, आणि खरंच आहे, पण ते प्लेन जंपरवर घालायचे. जंपर किंवा मोजे, दोघांपैकी एकालाच नक्षीची परवानगी. अर्गाइलचा स्वेटर तर टार्टनवर मला कधीच पटलेला नाही, चौकड्याच्या रेघा उभ्या-आडव्या आणि त्याच्या तिरक्या, दोघांचा मेळच बसत नाही. कोणीतरी चांगलं जमवून दाखवलं तर मी कान पकडेन, पण सात वर्षांत कोणी दाखवलं नाही.

स्पोरन साधा तपकिरी चामड्याचा घे. बेल्ट नकोच. किल्टला स्वतःचेच चामड्याचे पट्टे आणि बकल असतात, तो बेल्टशिवाय पडत नाही, आणि तो रुंद बेल्ट आणि त्याचं ताटलीएवढं बकल जंपरखाली गेलं की पोटावर डबा बांधल्यासारखं दिसतं. बूट तपकिरी, साधे, पोटरीपर्यंत नाड्या गुंडाळायच्या ते घिली ब्रोग लग्नाला ठेव. पिन लावायचीच असेल तर छोटी, आणि फक्त वरच्या पदराला, दोन्ही पदर मिळून टोचलेस तर पहिल्यांदा खुर्चीत बसशील तेव्हाच कापड फाटेल. मी अशा किती पिना उपसल्यात आणि खाली किती भोकं रफू केलीत ते सांगायला नको.

शर्ट मात्र नीट घाल आणि प्लेन घाल, क्रीम किंवा फिकट निळा, बारीक चौकड्याचा सुद्धा नको. लोकर खाली, लोकर वर, आठ वार लोकर मांडीवर, आणि इथल्या घरांमध्ये नोव्हेंबरात हीटिंग किती लावतात ते तुला माहीत आहे, त्यात सूप आलं की अर्ध्या तासात जंपर काढावासा वाटणारच. तेव्हा आत जुना कंपनीचा टीशर्ट असला तर पंचाईत. जेवणानंतर नाच सुरू झाला तर जंपर आधीच काढ आणि आजीच्या समोर नीट घडी करून ठेव, खुर्चीच्या पाठीवर टांगू नकोस, विणलेलं टांगलं की लोंबतं, आणि तुझा आधीच लांब आहे.

कोणी म्हणालंच की किल्टबरोबर हे असलं चालत नाही, तर त्याला गोल्फचा किस्सा सांग. १९२२ ला प्रिन्स ऑफ वेल्स, पुढे एडवर्ड आठवा आणि मग विंडसरचा ड्यूक झाला तो, सेंट अँड्र्यूज गावच्या गोल्फ क्लबचा कॅप्टन झाला आणि तिथे फेअर आइल जंपर घालून मैदानात उतरला. किल्ट नव्हता घातला त्याने तेव्हा, गोल्फची ढगळ तुमान होती, पण तिथून ही नक्षी जी सुटली ती थांबलीच नाही, तोपर्यंत ती बेटावरच्या कोळ्यांची आणि विणणाऱ्या बायकांचीच होती. ते फेअर आइल बेट ऑर्कनी आणि शेटलंडच्या मधे समुद्रात एकटंच पडलंय, पाचेक किलोमीटर लांब, आमच्या सोसायटीत तिथल्यापेक्षा जास्त माणसं राहतात. आणि हा प्रिन्स पुढेही चौकड्यावर नक्षी, नक्षीवर रेघा असलं बिनधास्त घालत राहिला. त्याच्याकडे शिंप्यांची फौज होती म्हणा, तुझ्याकडे मी आहे.

कुठल्या घराण्याचं टार्टन, मला हक्क आहे का, हे तू पत्रात शेवटी विचारलं होतंस, ते मी वर कापलं, कारण त्याची काळजी सोड. रॉयल स्टुअर्ट खरं तर राजघराण्याचं, पण बिस्किटाच्या डब्यापासून सगळीकडे तेच असतं आणि कोणीही घालतं. अमुक आडनावाला अमुक चौकडा हे प्रकरण फार जुनं नाहीच, १७४६ च्या कायद्याने हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या, पुरुषांना हा पोशाखच बंद केला होता, १७८२ ला ती बंदी उठली, आणि १८२२ ला राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सगळ्यांना टार्टनमध्ये नटवून जो थाट केला तिथून ही हौस सुरू झाली असं समज. तुला त्या घरात जेवायला बोलावलंय, हक्क तिथेच मिळाला.

चॅरिटी शॉपचा किल्ट आहे म्हणून एक गोष्ट मात्र नक्की तपास. पुरुषांच्या किल्टची झालरवाली कड तुझ्या उजव्या मांडीवर आली पाहिजे. बायकांचे किल्ट स्कर्ट बरेचदा उलट्या बाजूला बंद होतात आणि चॅरिटी शॉपमध्ये दोन्ही एकाच हँगरवर लटकत असतात. तुझ्या फोटोत झालर डावीकडे दिसतेय, पण मागे बेसिन दिसतंय म्हणजे फोटो आरशातला आहे, त्यामुळे मी अजून छातीवर हात ठेवून बसलेय. आत्ता उठ आणि बघ. उजवीकडे असेल तर उत्तम, डावीकडे असेल तर पावती शोध. बघतोच आहेस तर गुडघ्यावर बस, खालची कड जमिनीपासून साधारण इंचभर वर राहिली पाहिजे, जमिनीवर लोळत असेल तर किल्ट लांब आहे किंवा तू तो पॅन्टसारखा खाली नेसलायस. मला दुसरं वाटतंय. वर ओढ, बकल एक भोक घट्ट कर, आणि त्यानेच अर्धा सोफा कमी होईल.

आणि आता खरं काम, जे तू टाळणार हे मला माहितीये. आजीला फोन कर आणि सांग की जंपर किल्टवर घालायचाय, थोडा आखूड करता येईल का. तुला वाटेल की हा अपमान आहे, दिलेल्या वस्तूत खोट काढणं आहे. अरे, विणणाऱ्या बाईला यापेक्षा गोड फोन नाही! तिने दिलेली वस्तू तू घालतोयस, आरशात बघतोयस, तुला तिची पर्वा आहे, हेच तिला ऐकू येणार. माझ्या आईने सांगलीहून विणून पाठवलेले स्वेटर मी वर्षानुवर्षं "छान बसला" म्हणून कपाटात टाकले, आणि एकदाच म्हणाले की बाह्या लांब होतात गं, तर तिने पुढचे पंधरा दिवस रोज फोन करून किती बोटं, कुठल्या बाजूने, असं विचारून विचारून जीव खाल्ला, इतकी खूश होती.

आणि हे अवघड काम नाहीये तिच्यासाठी. शेटलंडचा जंपर गोल विणतात, सुयांवर नळकांड्यासारखा, बाह्यांच्या जागी तर अख्खं नळकांडं विणून मग चक्क कात्रीने कापतात, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी किंचाळले होते, पण ती लोकर एकमेकीला इतकी धरून असते की टाके पळत नाहीत. त्यामुळे खालून लांबी कमी करायची तर नक्षीचा एक पट्टा जिथे पूर्ण होतो तिथे एक ओळ सोडवायची, मोकळे टाके सुईवर घ्यायचे आणि तिथून खाली नवी रिब विणायची, दोन सुलट दोन उलट. तुझ्या मापाला दोन-अडीच इंच कमी झाले तरी पुष्कळ. फक्त मोठा पट्टा अर्धवट कापला जायला नको, तो निर्णय तिच्यावर सोड, तिला तुझ्यापेक्षा कळतं. जमलं तर किल्ट घेऊनच तिच्याकडे जा, नाहीतर किल्ट घातलेला, रिब दुमडून पिना लावलेला फोटो पाठव, समोरून एक आणि बाजूने एक. आणि बायकोला विचारून फोनवर मॅकिन हा शब्द वापर, शेटलंडमध्ये विणकामाला तेच म्हणतात, तुझ्या तोंडून ऐकला की बघ.

वेळ कमी असेल आणि तिचे हात दुखत असतील तर जबरदस्ती नको. मग या वेळेला रिब आत दुमडून साध्या दोऱ्याने चार-सहा सैल टाके घाल, पातळ जंपर आहे, खपून जाईल. बाह्या मनगटाच्या वर एक घडी कर. आणि पुढच्या वाढदिवसाला तिच्याकडे बिनबाह्यांचा स्लिपओव्हर माग, आखूड, व्ही गळ्याचा, किल्टवर तोच सगळ्यात देखणा दिसतो. किंवा फक्त खांद्याभोवती गोल नक्षी असलेला योक जंपर, त्यात पोटापाशी सगळं प्लेन असतं त्यामुळे कसलाही भडक चौकडा खाली चालतो. बाहेर वाऱ्यात, हायलँड गेम्स वगैरे बघायला जाशील तेव्हा क्रीम रंगाचा अरनचा वेण्यावेण्यांचा स्वेटर घाल, ती नक्षी टाक्यांच्या उंचसखलपणाची असते, रंग एकच, म्हणून तो मी प्लेनमध्येच धरते. अरन मूळचा आयर्लंडचा हे कोणीतरी काका येऊन सांगेलच, हो म्हणायचं आणि चहा प्यायचा.

आणि एक राहिलं, हे आधी लिहायला हवं होतं. चॅरिटी शॉपचा तो किल्ट आत्ता कुठे आहे? आजीच्या जंपरशेजारी कपाटात असेल तर आधी बाहेर काढ. जुन्या लोकरीत कसर असू शकते, निऱ्यांच्या आतल्या बाजूला तांदळाच्या कण्यांसारखं काही दिसतंय का ते टॉर्च मारून बघ, बाहेरून काही कळत नाही आणि महिन्याभरात शेजारच्या जंपरला चाळणी होते. दिसो न दिसो, किल्टच्या निऱ्या सैल दोऱ्याने टाचून घे, गुंडाळ, प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद कर आणि दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेव, नंतर पिशवी न उघडता दिवसभर बाहेर राहू दे म्हणजे दव कापडावर बसणार नाही. आठ वार कापड आहे, एक अख्खा कप्पा लागेल, तेव्हा मटारच्या पिशव्या आज रात्रीच संपव.